डांबर तपासणारी पोरं तयार करताना

लॅबमध्ये डिप्लोमा किंवा आयटीआय करून नवीन पोरगा-पोरगी आली की पहिली नजर मार्शलच्या मशीनवर जाते, म्हणजे डांबर-खडीची वडी दाबून तिची ताकद मोजणाऱ्या मशीनवर. डायल फिरतो, आकडा येतो, आपण इंजिनिअर झाल्यासारखं वाटतं. सुरुवातीचे काही आठवडे मी त्यांना त्या मशीनला हात लावू देत नाही. फावडं, ब्रश आणि पत्र्याचा ट्रे देतो. नमुना चुकला की पुढे लॅबमध्ये कितीही नीट काम करा, आलेला आकडा त्या रस्त्याचा नसतो.

डंपरमधल्या डांबर-खडीच्या ढिगात मोठी खडी घरंगळून कडेला, पायथ्याशी जाते. डांबर जास्त असतं ते बारीक मालात, कारण तेवढ्याच वजनात पृष्ठभाग त्याचा जास्त. म्हणजे पायथ्याचा माल उचलला की डांबर कमी दिसणार. वरची साय काढून, तीन-चार जागांहून माल घ्यायला शिकवा. मग चौथाई: ढीग चपटा करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. ठेवलेल्या भागांची ट्रेला चिकटलेली भुकटी ब्रशने त्यांच्यातच ओढून घ्यायची. नवी पोरं नेमकी ती सोडतात.

माझी परीक्षा साधी आहे. एकाच डंपरमधून दोघांनी एकमेकांकडे न बघता नमुने घ्यायचे आणि दोन्हींचं एक्स्ट्रॅक्शन करायचं, म्हणजे खडीपासून डांबर वेगळं काढून त्याचं प्रमाण मोजायचं. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये डांबराच्या प्रमाणाला ०.३ टक्के वर-खाली एवढीच सूट आहे. दोघांच्या आकड्यांत तेवढाच फरक पडला, तर सगळी सूट फावड्यानेच खाल्ली. असं झालं की परत ढिगाकडे पाठवा.

साइटवर पहिला धडा तापमानाचा. मुंबईत हे काम बहुतेक रात्रीच, आणि माल खाडीपलीकडून येतो. वाशीच्या पुलावर ट्रॅफिक लागलं की डंपर तिथेच गार व्हायला लागतो. इन्फ्रारेड गन पोरांना आवडते, पण ती फक्त वरची साय मोजते. ताडपत्री उचलून दांड्याचा थर्मामीटर मालात आत खुपसायचा आणि काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं, मागे मुकादम कितीही ओरडू दे. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लान्टवरून १५० ते १६५ अंशांना निघायला हवा, अंथरताना किमान १४०, आणि रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपलं पाहिजे. हे आकडे पाठ हवेत. रात्री दोन वाजता कोणी पुस्तक उघडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या कोअरच्या, म्हणजे तयार रस्त्यातून कापून काढलेल्या गोल तुकड्याच्या, घनतेला. तीन वजनं: कोरडं, पाण्यातलं, आणि पाण्यातून काढून वरवर पुसलेलं. कोअर पाणी सोडत कापलेला असतो, त्यात आपली दमट हवा. पूर्ण सुकायला वेळ लागतो. घाईने ओव्हन ११० वर लावला तर डांबर मऊ होऊन कोअर बसतो. ५२ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला.

पुसणं हा तर खरा हातखंडा. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि कोअरवरून एकदा फिरवायचं. चोळलं की भोकांतलं पाणीही निघून जातं. फळ्यावर हे गणित मांडून दाखवा: कोरडं १२०० ग्रॅम, पाण्यात ७०२, पुसून १२०६. घनता म्हणजे १२०० भागिले (१२०६ वजा ७०२), २.३८१. मिश्रणाची कमाल घनता, म्हणजे आत हवेची पोकळी अजिबात नसतानाची, २.५९ धरली तर तिच्या ९१.९ टक्के. किमान ९२ टक्के लागतात, म्हणजे नापास. आता जास्त पुसून तेच १२०४ करा: ९२.३, पास! दोन ग्रॅम पाणी. अर्धवट सुकलेला कोअरही आकडा वरच ढकलतो. या दोन्ही चुका ठेकेदाराच्या सोयीच्या आहेत, हे पोरांना स्पष्ट सांगा. शेजारी उभं राहून ‘अजून जरा पुस रे’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

मार्शल तुलनेने सोपी. साच्यातल्या वडीला दोन्ही बाजूंना ७५-७५ ठोके, ६० अंशांच्या पाण्यात ३० ते ४० मिनिटं, आणि बाहेर काढल्यापासून ३० सेकंदांत भार कमाल आकड्याला पोचायला हवा. नेहमीच्या व्हीजी-३० च्या बीसीला (बिट्युमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा डांबरी थर) स्थिरता, म्हणजे वडी पेलते तो कमाल भार, किमान ९ किलोन्यूटन; फ्लो, म्हणजे तोवर ती जेवढी दबते ते, २ ते ४ मिलिमीटर. एकजण मशीनवर, दुसरा घड्याळावर.

वजनं थेट नोंदवहीत, पेनाने. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही. व्हाइटनर माझ्या लॅबमध्ये नाही.

आणि कोअर काढला की भोक त्याच रात्री, लेन उघडायच्या आत भरायचं: आधी पाणी टिपून घ्यायचं, मग थराथराने गरम माल टाकून ठोकायचा. नुसता ओतलेला माल पहिल्या पावसात उखडतो. भरलेल्या भोकाचा फोटो नसेल तर त्या कोअरच्या नोंदीवर मी सही करत नाही.