जुन्या डी अँड डी पुस्तकांसारखं चित्र आपल्या गेमसाठी कसं काढायचं

आजकालची फँटसी चित्रं भारीच असतात, रंग काय, उजेड काय, सगळं चकाचक. पण १९७७ ते १९८३ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (म्हणजे डी अँड डी, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा फँटसी गेम) वेड असलेल्या कुणालाही विचारा, त्यांच्या डोक्यात अजून ती काळ्या शाईतली जराशी ओबडधोबड चित्रंच घर करून बसलीयेत. माझ्याही. तर नुसतं "गेले ते दिवस" करत बसण्यापेक्षा तसं एखादं चित्र स्वतः काढा आणि आपल्या प्लेअर्सच्या हातात द्या. ड्रॉइंग खूप चांगलं नसलं तरी चालतं, खरंच.

पेन उचलायच्या आधी जुनी चित्रं नीट बघा, घाई करू नका. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकचं, म्हणजे प्लेअर्ससाठीच्या नियमांच्या पुस्तकाचं कव्हर घ्या, चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियरचं. मोठी थोरली मूर्ती, दोन चोर वर चढून तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटतायत, खाली सरड्यासारख्या माणसांची प्रेतं पडलीयेत, एकजण तलवार पुसतोय, बाकीचे नकाशा बघतायत. म्हणजे लढाई होऊन गेलीये! हिरोची पोज वगैरे काही नाही, कामावर आलेली माणसं आहेत आणि बघणाऱ्याला लगेच वाटतं की आता रत्न निघाल्यावर काय होणार. त्याच पुस्तकात आत डेव्हिड सदरलँडचं 'अ पॅलाडिन इन हेल' आहे, नरकात एकटा उभा राहून सैतानांशी लढणारा योद्धा, तो तिथे का गेला कसा गेला याचं उत्तर चित्रात कुठेच नाही, आणि या एका चित्रावरून १९९८ मध्ये त्याच नावाचं अख्खं ॲडव्हेंचर (खेळायला तयार छापील कथानक) आलं. माझ्या मते त्या काळच्या चित्रांची सगळी ताकद यातच आहे, अर्धी गोष्ट दाखवायची आणि उरलेली टेबलावरच्या लोकांवर सोडायची.

म्हणून तुमच्या कॅम्पेनमधला (टेबलावर चालू असलेल्या लांबलचक गोष्टीतला) प्रसंग निवडताना ऐन मारामारीचा क्षण टाळा. आधीचा घ्या किंवा नंतरचा. दार अर्धं उघडलंय, मशाल पुढे धरलीये, एवढं पुरे.

सामान साधंच. ए४ कार्ट्रिज पेपर (ड्रॉइंगचा जाड कागद), पेन्सिल, वॉटरप्रूफ काळी शाई किंवा ०.१ आणि ०.५ चे फाइनलाइनर (बारीक टोकाचे पेन), मोठ्या काळ्या भागासाठी ब्रश, आणि व्हाइटनर. आधी काडेपेटीएवढे दोन-तीन रफ काढून बघा आणि त्यातच ठरवा की उजेड कुठून येतोय, एकच जागा ठरवायची, मशाल म्हणजे मशाल. मग पेन्सिलने मोठं काढा, आणि शाईला हात घातला की सगळ्यात आधी काळं भरा, कोपरे, छत, माणसांच्या पाठी, सगळं बिनधास्त काळं. बरेच जण इथे घाबरतात आणि सगळीकडे करड्या रेघा मारत बसतात, मग चित्र फिकट पडतं. रेघा फक्त काळं आणि पांढरं जिथे भेटतं तिथे. दगडाला तुटक आडव्या-उभ्या रेघा, खवल्यांना ठिपके, चिलखताला शक्यतो कोरा कागदच सोडा. माणसांना पिशव्या, दोर, कंदील, झिजलेले बूट द्या, चकचकीत नटवू नका.

शाई पूर्ण वाळू द्या, पेन्सिल खोडा, आणि झेरॉक्सवाल्याकडून ए५ वर छोटं करून घ्या. छोटं केल्यावर रेघा घट्ट होतात, थरथरलेला हात झाकला जातो आणि जुन्या छपाईचा फील आपोआप येतो. जुनं चित्र ट्रेस करून आपलं म्हणून कुठे टाकू नका, ते हक्क दुसऱ्यांचे आहेत आणि तसंही मजा आपला प्रसंग काढण्यातच आहे.

आता टेबलावर. टूम ऑफ हॉरर्स हे डी अँड डीचं ॲडव्हेंचर १९७८ मध्ये छापून आलं तेव्हा त्यासोबत चित्रांची वेगळी पुस्तिकाच होती, डीएमने (गेम चालवणाऱ्याने) त्या त्या खोलीत ते ते चित्र प्लेअर्सना दाखवायचं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी चित्रात नीट बघितल्या तरच कळायच्या. तेच करा. एखादा क्लू चित्रातच लपवा, मूर्तीच्या हाताची एक दिशा किंवा फरशीतली एक वेगळी रेघ, पण तोंडी वर्णनात त्यावर जोर देऊ नका. चित्राच्या मागे खोलीचा नंबर लिहून ठेवा म्हणजे ऐनवेळी भलतंच बाहेर येत नाही, आणि दोन कॉप्या काढा, कारण एक कॉपी असली की पाच डोकी तिच्यावर वाकतात आणि लांब बसलेल्याला काहीच दिसत नाही.