विमान स्टार्ट करताना काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) आग लागली, तर किल्ली सोडू नका

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. नाशिककडच्या विद्यार्थी वैमानिकांनी हा विषय याच दिवसांत घोकावा. गार इंजिन पटकन धरत नाही. मग प्रायमर (सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडणारा हातपंप) जास्त मारला जातो, वर थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे-पुढे पंप केला जातो. सेस्ना १५२ किंवा जुन्या १७२ या लहान विमानांत कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) इंजिनाच्या तळाशी असतो. जास्तीचं पेट्रोल ओघळून एअरबॉक्समध्ये (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या पेटीत) साचतं आणि एखादा बॅकफायर झाला की पेटतं.

कॉकपिटमधून ज्वाळा बहुधा दिसतच नाहीत. बाहेरचा मार्शलर (हातांच्या इशाऱ्यांनी विमानाला सूचना देणारा माणूस) डाव्या हाताने आगीची जागा दाखवत उजवा हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंख्यासारखा हलवू लागला, तर तो आगीचा इशारा समजा.

अशा वेळी किल्ली सोडायचा मोह होतो. सोडू नका, क्रँकिंग (स्टार्टरने इंजिन फिरवणं) चालू ठेवा. फिरणारं इंजिन ज्वाळा आणि साचलेलं पेट्रोल आत ओढून घेतं. इंजिन सुरू झालं, तर १७०० आरपीएमवर काही मिनिटं चालवा, मग बंद करून तपासणीला द्या.

सुरू झालं नाही, तर थ्रॉटल पूर्ण उघडा, मिक्स्चर (इंजिनाचं पेट्रोल कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण बाहेर ओढून बंद करा आणि क्रँक करत राहा. थ्रॉटल उघडल्याने हवा जोरात ओढली जाते. मिक्स्चर बंद असल्याने नवं पेट्रोल येत नाही. घाईत लोक नेमकं उलटं करतात, थ्रॉटल बंद. एवढ्यानेही आग विझली नाही, तर फ्युएल शटऑफ, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि इग्निशन बंद करून अग्निशामक हातात घ्या आणि उतरा. उतरून शेपटीकडे जा, पुढच्या प्रोपेलरकडे नाही. वाऱ्याकडे पाठ करून फवारा मारा. काउलिंग उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. अग्निशामक नसेल तर लोकरीचं ब्लँकेट किंवा माती चालते.

पायपर कंपनीच्या विमानांचा क्रम थोडा वेगळा आहे, त्यात इलेक्ट्रिक फ्युएल पंपही बंद करावा लागतो. आपल्या विमानाचं हँडबुक म्हणेल तेच खरं.

आग विझल्यावर ‘एकदा स्टार्ट करून बघू’ अजिबात नको. एअर फिल्टर, होज आणि वायरिंग इंजिनिअरने पाहिल्याशिवाय किल्ली खिशातच राहू द्या. पुढच्या वेळी १५२ ला प्रायमरचे जास्तीत जास्त ३ स्ट्रोक, इंजिन गरम असेल तर एकही नाही. आणि प्राइम केल्यावर गप्पा न मारता लगेच क्रँक.