टीईएस सेन्सर: चिपवर खापर फोडण्याआधी

क्ष-किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या ट्रान्झिशन-एज सेन्सरवर, म्हणजे टीईएसवर, काम सुरू करणाऱ्याला वाटतं की सगळा वेळ क्लीनरूममध्ये जाणार. खरा वेळ खातात ते क्रायोस्टॅट, म्हणजे सेन्सर अतिथंड ठेवणारं यंत्र, आणि वायरिंग.

फोटॉन शोषकात शिरतो, शोषक तापतो आणि संक्रमणाच्या, म्हणजे शून्य रोधाच्या अतिसंवाहक अवस्थेतून नेहमीच्या रोधाकडे जाण्याच्या, ऐन उतारावर धरून ठेवलेल्या अतिसंवाहक फिल्मचा रोध वाढतो. ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे जेमतेम १ फेम्टोजूल. उष्माधारकता १ पिकोजूल प्रति केल्विन धरली, तर तापमान चढतं १ मिलिकेल्विन. म्हणूनच हा सगळा खटाटोप १०० मिलिकेल्विनच्या आसपास चालतो.

फिल्मसाठी मोलिब्डेनम घ्या: ते ०.९ केल्विनला अतिसंवाहक होतं. वर सोन्याचा थर दिला की हे तापमान खाली येतं. किती, ते जाड्यांच्या प्रमाणावर. दोन्ही थर निर्वात न मोडता लागोपाठ चढवा. मध्ये हवा लागली तर सीमेवर ऑक्साइड बसतं आणि संक्रमण भलतीकडेच जातं. प्रत्येक वेफरवर एक साधी पट्टी ठेवून आधी तिचं संक्रमण मोजा. शोषकात बिस्मथ हवं असेल तर इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवा. बाष्पीभवनाने चढवलेल्या बिस्मथमुळे वर्णरेषेला, म्हणजे मोजलेल्या ऊर्जांच्या आलेखातल्या शिखराला, कमी ऊर्जेकडे शेपूट फुटतं.

बायस देताना, म्हणजे फिल्म संक्रमणात धरून ठेवणारा करंट देताना, तो शून्यापासून चढवू नका, फिल्म अतिसंवाहकच राहील. आधी ती पूर्ण नॉर्मल (अतिसंवाहक नसलेली) करा, मग करंट उतरवत संक्रमणात या.

रेषा रुंद आली? नवी चिप मागण्याआधी फोटॉन नसतानाचा नॉइज स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती नॉइज आहे त्याचा आलेख, काढा. ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्यांच्या पटींवर सुळके दिसले तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या तारांत तयार झालेलं वेटोळं, शोधा. पल्स ट्यूब, म्हणजे क्रायोस्टॅट थंड करणारं कंपन करणारं यंत्र, काही मिनिटं बंद ठेवून पुन्हा मोजा. नॉइज उतरला तर दोष कंपनाचा. मग चुंबकीय क्षेत्र. निओबियमचं कवच थंड होताना आत असलेलं क्षेत्र तसंच अडकवून ठेवतं, म्हणून बाहेरून म्यू-मेटल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू, हवाच. निकेलचा मुलामा दिलेला एखादा कनेक्टर आत राहून गेला, तर मोजमाप बिघडवायला तोही पुरतो.

शेवटी फिटही तपासा. लोह-५५ स्रोतातून येणारी मँगनीजची के-अल्फा ही एक रेषा नव्हे: ५.८९९ आणि ५.८८८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट अशी जोडी आहे, आणि प्रत्येकीला स्वतःची रुंदी आहे. एकाच गॉसियनने, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राने, फिट केलं तर २-३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा उत्तम सेन्सरही नापास दिसतो. रेषांचा नैसर्गिक आकार घ्या आणि सेन्सरचा गॉसियन त्यावर कन्व्होल्यूशनने (एका आकाराने दुसरा पसरवण्याच्या गणिती क्रियेने) चढवा.