घरामागे टर्फ कोर्ट घालायचंय? आधी खोदायला घ्या

ज्याला त्याला पहिला प्रश्न हाच पडतो की टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, कुठलं घेऊ. टर्फ सगळ्यात शेवटी येतं हो! रोल अंथरणं म्हणजे एखाद्या दिवसाचं काम, बाकीचा सगळा वेळ जातो तो माती, खडी आणि लेव्हलमध्ये, आणि कोर्ट चांगलं झालं की फसलं ते तिथेच ठरतं. मी पहिल्यांदा घातलं तेव्हा एका कोपऱ्यात नीट धुम्मस केलं नव्हतं, म्हणजे ठोकून दाबलं नव्हतं, म्हटलं वरून टर्फच तर येणारे, कोणाला दिसतंय. पहिल्या पावसात तिथे बशीसारखा खळगा पडला आणि जवळजवळ अर्धं टर्फ परत उचलायला लागलं.

आधी खेळ ठरवा. बॅडमिंटन किंवा पिकलबॉलचं कोर्ट साधारण 13.4 बाय 6.1 मीटर, टेनिसचं डबल्स 23.77 बाय 10.97, म्हणजे टेनिस बहुतेक घरांमागे बसतच नाही. बास्केटबॉलच मुख्य खेळ असेल तर टर्फचा नाद सोडा, चेंडू नीट उसळत नाही, ड्रिबल करताना वैताग येतो, त्याला काँक्रीट आणि वर अॅक्रिलिकचा थरच बरा. पिकलबॉलचाही टप्पा टर्फवर थोडा मेल्यासारखा वाटतो पण घरच्या घरी चालून जातं.

मी बॅडमिंटनचंच उदाहरण घेतो. चारी बाजूंना जवळपास मीटरभर मोकळी जागा धरली की 16 बाय 8 मीटर होतं, आणि टर्फचे रोल बऱ्याचदा 4 मीटर रुंद मिळतात, म्हणजे दोन रोल आणि मधोमध एकच जोड. जोडाच्या कडा थोड्या कापाव्या लागतात म्हणून रुंदी 8 न धरता 7.9 धरा. आणि गंमत म्हणजे हा जोड बरोबर बॅडमिंटनच्या मधल्या रेषेवर येतो, तिथे पांढरी पट्टी बसवली की सर्व्हिस कोर्टात तरी तो दिसत पण नाही.

खोदण्याआधी खालून वायर, पाण्याची लाइन, ड्रेनेजचं चेंबर काही जातंय का ते बघून घ्या. कोपरे काटकोनात आलेत का ते 3-4-5 नी तपासा, एका बाजूला 3 मीटर, दुसरीला 4, कर्ण बरोबर 5 यायला हवा. मग लाइनदोरी बांधून 12-13 सेंटिमीटर खोदायचं. गवत, मुळं, भुसभुशीत काळी माती, सगळं काढा, मुळं राहिली तर ती खाली कुजतात आणि वरचा भाग बसतो.

उतार विसरू नका. मीटरला 1 सेंटिमीटर पुरतो, 8 मीटर रुंदीला 8 सेंटिमीटर, सगळा एकाच बाजूला आणि घरापासून लांब. मधे उंच नि दोन्हीकडे उतार असं करू नका, खेळताना जाणवतं. नेटच्या खांबांचे पाइप, लाइटच्या वायरची नळी, कडेचा कर्ब म्हणजे काठाची पट्टी, हे सगळं आत्ताच काँक्रीटमध्ये बसवून घ्या, नंतर टर्फ कापून खांब बसवणारे लोक मी पाहिलेत आणि ते दृश्य चांगलं नसतं.

आता खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, म्हणजे खडी मातीत रुतत नाही. त्यावर लहानमोठी मिश्र खडी 10 सेंटिमीटर, पण एकदम नाही, 5-5 चे दोन थर, प्रत्येक थरावर हलकं पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबायचं मशीन) फिरवायचा. 16 बाय 8 ला दाबून 12.8 घनमीटर लागते, दबल्यावर खडी बसते त्यामुळे ऑर्डर 16 च्या आसपास द्या. त्यावर बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, दीड-दोन सेंटिमीटर, अॅल्युमिनियमचा लांब पट्टा मारून सपाट करायची आणि परत दाबायची. चालताना बुटाचा ठसा उमटायला नको. मग पाइपने भरपूर पाणी सोडा आणि बघत बसा, जिथे डबकं साचतं तिथे कच टाका, परत दाबा, परत पाणी. कंटाळवाणं आहे पण याला शॉर्टकट नाही.

टर्फ घेताना पात्यांची उंची बघा. अशा कोर्टाला 10 ते 20 मिलिमीटरचं दाट, वाळू भरायचं टर्फ लागतं, बागेसाठीचं 35-40 चं मऊ मऊ टर्फ घेऊ नका, पाय अडकतो आणि चेंडू मरतो. दोन्ही रोल एकाच बॅचचे असू द्या, रंगात फरक पडतो.

रोल उन्हात काही तास उघडून ठेवा म्हणजे वळ्या जातात. दोन्हींची पाती एकाच दिशेला झुकलेली पाहिजेत, मागे खडूने बाण काढून ठेवा, नाहीतर एक पट्टा गडद आणि एक फिका दिसतो आणि मग काहीच करता येत नाही. कापायचं ते मागच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून, आणि ब्लेड सारखं बदलत राहायचं. जोडाखाली 30 सेंटिमीटर रुंदीची टेप, त्यावर दोन घटकांचा पॉलीयुरेथेन गोंद. जोडातली फट टाक्यांच्या ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवा. कोरड्या दिवशीच चिकटवा आणि वाळेपर्यंत वर वजन. पांढऱ्या पट्ट्याही अशाच, टर्फ कापून खाली टेप लावून. कडा कर्बला चिकटवा, पण खेळायच्या जागेत खिळे अजिबात मारू नका.

शेवटी वाळू, धुतलेली, वाळलेली, गोल दाण्याची सिलिका. चौरस मीटरला किती किलो ते टर्फच्या माहितीपत्रकात असतं, तेवढी एकदम न टाकता चार-पाच वेळा थोडी थोडी पसरवायची आणि दर वेळी कडक झाडूने पात्यांच्या उलट दिशेने झाडायचं. ओली वाळू खाली उतरतच नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, समोर मोठी डबल काचेची खिडकी असेल तर तिचं परावर्तित ऊन एकाच जागी पडून टर्फ वितळू शकतं, तिथे बाहेरून जाळी लावा. दुपारी टर्फ नैसर्गिक गवतापेक्षा खूप तापतं, पाणी मारलं तरी थोडाच वेळ गार राहतं, तेव्हा पोरांना अनवाणी सोडू नका. बाकी पाला साचू द्यायचा नाही, दोन आठवड्यांनी एकदा झाडू, आणि सर्व्हिसच्या जागेवरची वाळू उडते तिथे मधूनमधून मूठभर टाकत जा.