मॅडोना लिली लावायची आहे? मग जुलैतच लागा तयारीला

ही तयारी इंग्लंड-युरोपात राहणाऱ्या, घरामागे हातभर माती असलेल्यांसाठी. पुण्या-मुंबईच्या हवेत या पांढऱ्या फुलांच्या लिलीच्या कंदाच्या नादी लागू नका. त्याला खरा हिवाळा लागतो.

आधी घरात मांजर आहे का ते बघा. असेल तर विषय संपला. पान, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं.

मांजर नसेल तर कंद जुलैतच सांगून ठेवा आणि ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला लावा. ही लिली उन्हाळ्यात फुलून गेली की थोडेच आठवडे विसावते आणि शरद लागताच जमिनीलगत पानांचा झुबका काढते. तीच पानं हिवाळा काढतात. कंद हाती आला की खवले टणक आहेत ना, बुडाची मुळं शाबूत आहेत ना, ते चाचपून पाहा.

जागा भरपूर उन्हाची, पाणी न साचणारी हवी. माती आम्लधर्मी असेल तर चुना मिसळा, हिला तो मानवतो. ताजं शेणखत नको. आणि खोल खणू नका! बऱ्याच लिलींना मातीखालच्या दांड्यालाही मुळं फुटतात, म्हणून त्या 15 सेंटिमीटर खोल लावतात. हिची मुळं कंदाच्या बुडालाच. वर 2-3 सेंटिमीटर माती पुरे. एकदा रुजली की उगाच हलवू नका.

पाणी बुडाशी घाला, पानं ओली राहिली की बुरशी धरते. वसंतात लालभडक भुंगेरे दिसले तर वेचून काढा. पानांची मागची बाजूही बघा, तिथे अळ्या स्वतःचीच विष्ठा अंगाला माखून बसतात. किळस वाटली तरी बोटांनीच निपटायचं.

फुलं सणासाठी हवी असतील तर पंचांग नीट बघा. लिओनार्दो दा विंचीच्या फ्लोरेन्समधल्या चित्रात येशूची आई होणाऱ्या मरियेकडे देवाचा निरोप घेऊन आलेल्या देवदूताच्या हातात हीच लिली आहे, पण त्या निरोपाचा सण 25 मार्चचा आणि फुलं जून-जुलैची. मार्चमध्ये बागेत नुसती पानं! 13 जूनला सांत आंतोन या संताच्या सणाला मात्र उबदार भागात फुलं मिळू शकतात. गोव्या-वसईच्या चर्चमधल्या त्याच्या मूर्तींच्या हातातही पांढरी लिली असते. ग्रीसच्या क्रीट बेटावर तर ख्रिस्ताच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधी लोक भिंतींवर लिली रंगवत होते.

तोडताना दांड्याचा वरचा भागच घ्या, खालची पानं कंदाला पोसतात. पिवळे परागकोश आधी खुडून टाका, कपड्यावरचा डाग सहजी निघत नाही.