आर्क्टिकच्या सागरी बर्फाचे घनफळ घरबसल्या कसे नोंदवावे

गंगापूर धरणात पाणी किती आहे हे नाशिककर पाण्याचा पसारा पाहून सांगत नाहीत, दलघफूचा (दशलक्ष घनफुटांचा) आकडा विचारतात. आर्क्टिक महासागरावरील बर्फालाही हाच न्याय लावावा. उपग्रहाच्या चित्रात दिसतो तो केवळ विस्तार. दोन वर्षांचा विस्तार सारखाच असला, तरी त्यांपैकी एका वर्षीचा बर्फ बराच पातळ असू शकतो.

प्रथम आकडे मिळवावेत. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे पोलर सायन्स सेंटर ‘पायोमास’ या संगणकीय प्रारूपाच्या आधारे १९७९ पासूनचे दैनिक घनफळ काढते आणि ते सर्वांना मोफत देते. ही फाइल एक्सेलमध्ये उघडावी. त्यातील घनफळ ‘हजार घन किलोमीटर’ या एककात असते, हे सर्वांत वर ठळक लिहून ठेवावे. मी ते विसरलो होतो आणि ३.८ हा आकडा साधे घन किलोमीटर समजून वहीत उतरवला. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू, म्हणजे जेमतेम ०.१६ घन किलोमीटर. त्या हिशेबाने साऱ्या आर्क्टिकचा बर्फ चोवीस गंगापूर धरणांत मावू लागला, तेव्हा कुठे चूक ध्यानात आली.

त्यानंतर तुलना इतर वर्षांच्या त्याच महिन्याशी करावी. घनफळ एप्रिलच्या सुमारास सर्वाधिक आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असते, म्हणून या दोन महिन्यांच्या सरासरीचे दोन वेगळे आलेख काढणे पुरेसे आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये सुमारे १७ हजार घन किलोमीटर असलेला बर्फ सप्टेंबर २०१२ मध्ये ३.८ हजारांच्या आसपास उरला होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तो पुन्हा वाढला. तेव्हा एखाद्या वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष न काढता दहा-दहा वर्षांच्या सरासऱ्या शेजारी मांडाव्यात.

हे आकडे प्रारूपाचे असल्याने प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहणे आवश्यक आहे, आणि खरी मेख येथेच आहे. गोदावरीचे पाणी नाशिकच्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून आपण पुराचा अंदाज बांधतो. युरोपीय अंतराळ संस्थेने २०१० मध्ये सोडलेला क्रायोसॅट-२ हा उपग्रहही पाण्यावर डोकावणारा भागच रडारने मोजतो आणि त्यावरून पाण्याखाली किती बर्फ असेल याचा हिशेब लावला जातो. वर दिसतो तो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे वरच्या मोजणीत पाच सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक पडतो. शिवाय बर्फावर साचलेल्या भुसभुशीत हिमाच्या ओझ्याने तो आणखी खाली दबतो, ते वेगळेच.

उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याची डबकी बर्फावर साचतात आणि रडारला ती मोकळ्या समुद्रासारखी भासतात. म्हणून क्रायोसॅटच्या आकड्यांसाठी वेगळा रकाना करून त्यात ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच नोंदी घ्याव्यात. उरलेल्या महिन्यांची घरे शून्य न टाकता कोरी सोडावीत, अन्यथा एक्सेल ते शून्यही सरासरीत धरेल.