ब्रिक गेमवर हात बसलेल्यांनी नवा टेट्रिस कसा खेळावा

दिवाळीत भाच्याने इंदूरच्या घरी प्लेस्टेशन आणलं आणि ‘टेट्रिस इफेक्ट’ लावला, तेव्हा सगळ्यात आधी काकू सरसावून बसली. नव्वदच्या दशकात जेल रोडवरून आणलेल्या ब्रिक गेमवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या टेट्रिसच्या छोट्या यंत्रावर, तिने कित्येक दुपारी घालवल्या होत्या. पण इथे पाच मिनिटांत ठोकळे वरपर्यंत पोचले. हात तयार होता, नियम मात्र बदलले होते. पुढचे आठ-दहा दिवस रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी बसायचो. त्यातून जे हाती लागलं ते इथे देते आहे.

मूळ खेळ तोच आहे, अलेक्सी पाजितनोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत रचलेला. 10 रकाने रुंद, 20 उंच, चार-चार चौकटींचे सात आकार. ठोकळे वरून पडतात, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, आणि रचाई वरपर्यंत पोचली की खेळ संपतो. तेत्सुया मिझुगुची यांच्या देखरेखीखाली 2018 मध्ये आलेल्या या आवृत्तीत तुम्ही ठोकळा फिरवलात की संगीतात सूर उमटतो, दृश्यं उजळतात. सुरुवातीला डोळे दिपतात, पण सवय होते.

आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. तो बंद असला तर बटण दाबणं आणि ठोकळा हलणं यात बारीकसा उशीर होतो, आणि दोष आपण आपल्या बोटांना देतो.

मग कंट्रोलर हातात घ्या. गोल दांडा सोडून द्या, चार दिशांची बटणं वापरा. कारण असं, की ‘वर’ म्हणजे ठोकळा थेट तळाशी आदळणं. काकूचा अंगठा डावीकडे सरकताना दांडा जरासा वर जायचा आणि ठोकळा भलत्याच जागी धाडकन बसायचा. “अगं, मी सोडलाच नव्हता!” हे त्या रात्री दहादा तरी ऐकलं. बटणांवर आल्यावर तो त्रास गेला. ठोकळा कुठे बसणार त्याची फिकट सावली तळाशी दिसत असते. सावली जागेवर आली की मगच ‘वर’ दाबा.

आता सर्वांत मोठा फरक. ब्रिक गेममध्ये दांडी, म्हणजे चार चौकटींचा सरळ ठोकळा, कधी कधी येतच नसे. आजच्या टेट्रिसमध्ये चिठ्ठ्यांसारखं आहे: सातही आकार एका पिशवीत, एकेक निघतो, सातही संपले की पिशवी पुन्हा भरते. म्हणजे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त 12 ठोकळे येऊ शकतात, तेरावा नाही. दांडीची वाट बघणं हा आता जुगार नाही, हिशेब आहे. शिवाय एक ठोकळा बाजूला ठेवता येतो, ‘होल्ड’ म्हणतात त्याला. खांद्यावरचं बटण दाबलं की हातातला ठोकळा बाजूच्या चौकटीत जातो, पुन्हा दाबलं की बदलून परत मिळतो. मात्र ठेवल्यावर एक ठोकळा खाली बसेपर्यंत पुन्हा अदलाबदल होत नाही. काकू पहिले दोन दिवस होल्ड विसरायची. मी एकच नेम सांगितला, रिकामी चौकट असेल तर पहिली दांडी तिथे ठेवायची.

रचताना उजवीकडचा शेवटचा रकाना मोकळा सोडा आणि बाकीचे नऊ भरत जा. मग दांडी उभी सोडली की चार ओळी एकदम जातात. प्रचलित गुणपद्धतीत एका ओळीचे 100 आणि चार एकदम गेल्या तर 800, गुणिले पातळी. एकेक करून त्याच चार ओळींचे 400 होतात. सुटी ओळ दिसली की घाईने काढायची ब्रिक गेमची सवय इथे निम्मे गुण घालवते.

रचाई सपाट हवी हे खरं, पण अगदी पाटासारखी नको. वाकडे दोन आकार, एस आणि झेड, सपाट जागेवर कसेही ठेवले तरी खाली पोकळी राहते. त्यांना एका चौकटीची पायरी लागते, म्हणून उंचीत एखादी छोटी पायरी मुद्दाम ठेवा. उलट तीन चौकटी खोल अरुंद खड्डा फक्त दांडीच भरते. तसे दोन खड्डे झाले की तुम्ही अडकलात. पोकळी राहिलीच तर घाबरू नका. तिच्यावरच्या ओळी आधी मोकळ्या करा, तेवढ्यापुरती चार ओळींची हाव सोडा.

जुन्यांना माहीत नसलेली आणखी एक सोय: ठोकळा तळाला टेकला की लगेच गोठत नाही, क्षणभर सरकवता, फिरवता येतो. बाहेर आलेल्या कोपऱ्याखाली त्याला बाजूने आत ढकलता येतं. काकूने पहिल्यांदा असा एल सरकवून पोकळी बुजवली, तेव्हा कंट्रोलर मांडीवर ठेवून ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

‘टेट्रिस इफेक्ट’चा स्वतःचा भाग म्हणजे झोन. ओळी काढाल तसा तो भरतो. चालू केला की ठोकळे आपणहून पडायचे थांबतात, आणि झोन संपेपर्यंत पुऱ्या झालेल्या ओळी तळाशी साठून शेवटी एकदम जातात. बरेचजण तो गुणांसाठी राखून ठेवतात. नवख्यांनी ठोकळे वर चढले की वापरावा, श्वास घ्यायला जागा मिळते.

जुन्या नियमांची ओढ राहिलीच तर पुढे आलेल्या ‘कनेक्टेड’ आवृत्तीत क्लासिक स्कोअर अटॅक आहे. दोघांनी खेळायचं, होल्ड नाही, एकदम आदळणं नाही, पुढचा एकच ठोकळा दिसतो. तिथे काकूचा जुना हात अजून तितकाच पक्का आहे.